पाच वेळा का

मसुदा एक

घटना: गेल्या शनिवारी दुपारी सव्वाबारा वाजता मिनेझावा गावाच्या बचाव पथकातले नऊ जण माझ्या मुलीला शोधायला डोंगरावर गेले. मुलगी सुखरूप होती. शोधताना पथकातले होरिउचि-सान (वय एकसष्ट) यांच्या पायाखालचा बर्फ खचला आणि त्यांचा उजवा गुडघा मोडला.

कारण: मुलीने घाबरून वडिलांना फोन केला.

पुनरावृत्ती टाळण्यासाठी उपाय: मुलगी यापुढे स्कीइंग करणार नाही.

—

वृंदानं कागद वाचला आणि कोतात्सूवर पालथा ठेवला. त्या बुटक्या टेबलाखाली हीटर होता, वरून रजई होती, आणि रजईत चौघांचे पाय होते. तिचे, देवदत्तचे, सासऱ्यांचे आणि कोबेहून आलेल्या मोठ्या दिरांचे. चौघांचेही मोजे काळे होते. नंदूभाऊजींनी फोनवर बजावलं होतं, माफी मागायला जाताना रंगीत काही नको, टाय नको चमकणारा, कुंकू लावायचं तर बारीक लाव.

"हे तुझ्या ऑफिसचं फॉरमॅट आहे," ती म्हणाली.

"मग? इथे असंच लिहितात. घटना, कारण, उपाय. सर्व्हर पडला तरी हेच आणि माणूस पडला तरी हेच."

"आणि हे 'कारण'?"

देवदत्तनं चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता.

"उपाय मात्र झकास लिहिलायस," नंदूभाऊजी म्हणाले. "समिती खूश होईल. जपान्यांना उपाय लागतो. कारणाचं त्यांना फारसं पडलेलं नसतं."

"रुचाला दाखवलास?" वृंदानं विचारलं.

"खाली बर्फ काढतेय ती."

"म्हणजे नाही दाखवलास."

रुचा ज्या छोट्या खानावळवजा निवासात हिवाळाभर राबते, त्याच निवासात तिचेच आईबाप पाहुणे म्हणून वरच्या खोलीत उतरले होते. सकाळी तिनं त्यांच्यासमोर नाश्त्याची तबकं ठेवली, गुडघ्यांवर बसून, वाकून, आणि उठताना कुणाकडे पाहिलं नाही. तीन वाजता गावाच्या सभागृहात डोंगर-सुरक्षा समिती बसणार होती. आता सव्वाबारा झाले होते. वृंदानं घड्याळाकडे पाहिलं आणि तिला वाटलं, बरोबर आठवड्यापूर्वी याच मिनिटाला ते नऊ जण पायांत बर्फाचे जोडे चढवत असतील.

"एक मला कुणीतरी नीट सांगा," बाळासाहेब म्हणाले. वृंदाचे सासरे, एक्याऐंशी वर्षांचे, बँकेतून निवृत्त, तीन महिन्यांसाठी पुण्याहून देवदत्तच्या निशी-कसाईच्या घरी आलेले. हा प्रश्न ते चौथ्या वर्षी विचारत होते. "ती नेमकं करते काय?"

"अप्पा, स्कीइंग माहितीय ना? लिफ्टनं वर, आखलेल्या वाटेनं खाली. ते नाही करत ती," नंदू म्हणाला. "लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही. स्की पाठीला बांधायच्या, डोंगर चढायचा, आणि जिथून कुणी उतरत नाही तिथून उतरायचं. खाली परीक्षक दुर्बिणी लावून बसतात. कुठली वाट निवडली, ताबा किती, मध्ये किती अडखळली. मार्क देतात."

"आणि पडली तर?"

"मार्क कमी."

"आणि मेली तर?"

नंदूनं चहाचा घोट घेतला.

"युरोपात स्पर्धा असतात, अप्पा," वृंदा म्हणाली. आपण मुलीची बाजू मांडतोय की फक्त माहिती देतोय, हे तिचं तिलाच कळेना. "या वर्षी इथून एकाच मुलीला जागा आहे. समितीनं शिफारस केली तर रुचा जाईल. ती गेली तर स्की बनवणारी एक कंपनी तीन वर्षांचा करार करणार आहे. नाही केली, तर..."

"तर माझ्या ऑफिसात जागा आहे," नंदू म्हणाला. "कोबेत. समुद्र आहे, सपाट आहे."

त्यानं शेजारची पिशवी पुढे ओढली. "आणि हे बघ, देवू. योकान आणलंय. शिन-कोबे स्टेशनवर चार दुकानं पालथी घातली. माफीला ही अशी मिठाई द्यायची असते. जड असायला हवं. हातात घेतल्यावर समोरच्याला वजन लागलं पाहिजे."

देवदत्तनं डबा हातात घेतला. खरंच जड होता.

—

डोंगरावर जाण्याची नोंद
(पायथ्याच्या पेटीत टाकलेला कागद. निळं बॉलपेन. अक्षर रुचाचं.)

नाव: रुचा देवदत्त साठ्ये. वय: २४.
सोबत: कुणी नाही. पलीकडच्या कड्यावर चित्रीकरण करणारे दोघे, वायरलेसवर.
वाट: उत्तरेची धार, तिसरी घळ, खाली पलीकडचं खोरं.
निघण्याची वेळ: सकाळी ६.
परतण्याची वेळ, उशिरात उशिरा: दुपारी ३.
तातडीच्या वेळी संपर्क: वडील.

—

देवदत्तला तो शनिवार मिनिटांमिनिटांनी पाठ आहे.

फोनवर मुलीचा ठिपका असतो. तीन वर्षांपूर्वी, नोकरी आठ महिन्यांत सोडून ती या गावात आली, तेव्हा घरात झालेल्या तहाचं हे एक कलम. तू जा, पण ठिपका चालू ठेव. ती रोज कुठे आहे ते तो बघतो. ऑफिसात, तोझाई लाइनच्या लोकलच्या गर्दीत, दात घासताना. त्याला तिचा आवाज आठवड्यातून एकदा ऐकू येतो आणि ठिपका दिवसातून चाळीसदा दिसतो.

दहा चाळीसला ठिपका धारेवर थांबला. अकरा वाजता तिथेच. अकरा वीसला तिथेच. त्यानं पोलिसांना फोन लावला.

"आपल्या मुलीनं नोंद केलेली आहे," पलीकडचा माणूस नम्रपणे म्हणाला. "परतण्याची वेळ तीनची आहे. हवा चांगली आहे. तीनपर्यंत थांबू या."

थांबू या.

अकरा पन्नासला त्यानं पुन्हा फोन लावला. या वेळी तो म्हणाला, "आत्ता मुलीचा फोन आला होता. रडत होती. 'वाचवा' म्हणाली आणि फोन कट झाला."

एकोणीस वर्षांत इतकं सफाईदार जपानी तो कधी बोलला नव्हता. ऑफिसात अजूनही क्रियापदं चुकतात. त्या दिवशी एकही चुकलं नाही.

फोन आला नव्हता. येणं शक्यच नव्हतं. बर्फाखाली गाडलं गेलं तर शोधता यावं म्हणून ही मुलं छातीवर एक यंत्र बांधतात, आणि जवळ फोन चालू असेल तर त्या यंत्राला अडथळा होतो. म्हणून चढाई संपली की रुचा फोन बंद करते आणि मगच उतरते. बंद फोनचा ठिपका शेवटच्या जागीच राहतो. हे तिनं बाबांना सांगितलं होतं, तीन वर्षांपूर्वी. तेव्हा ते कावासाकीच्या ऑफिसात मीटिंगच्या दारात उभे होते. हो हो, म्हणाले होते.

चित्रीकरणासाठी हवं तसं ऊन येईपर्यंत ती धारेवर थांबली आणि दोन वाजून दहा मिनिटांनी पलीकडच्या खोऱ्यात उतरली. तिसरी घळ, एकदाही न अडखळता. तिथून निवासाची गाडी तिला गावात घेऊन आली, तेव्हा होरिउचि-सानना स्ट्रेचरवरून खाली आणत होते. पोलिसानं वाकून विचारलं, "आपण वडिलांना फोन केला होता का?"

ती म्हणाली, "हो."

देवदत्तला हे संध्याकाळी कळलं. पोलिसांनीच फोन करून सांगितलं. तो रिसीव्हर धरून कितीतरी वेळ वाकत राहिला. पलीकडे दिसत नसतं तरी या देशात माणसं फोनवर वाकतात, आणि त्यालाही सवय झाली आहे. आठवडा झाला. बापलेक त्यावर एक शब्द बोललेले नाहीत.

आता गावात सगळे म्हणतात ती घाबरली. डोंगरात एकटी जाणारी, पुढे लोकांना घेऊन जाणारी गाइड होऊ बघणारी मुलगी घाबरून रडली आणि मग आपल्या पायांनी आरामात खाली आली. मोठ्या डोंगरावरून उतरणाऱ्या माणसाबद्दल याहून वाईट काही म्हणता येत नाही.

—

मसुदा दोन
(नंदूच्या सांगण्यावरून)

कारण: कुटुंबीयांमधील संवादात त्रुटी राहिली.
उपाय: कुटुंबीयांमधील संवाद सुधारण्यात येईल.

"वा," वृंदा म्हणाली. "कुणीच काही केलं नाही. सगळं आपोआप राहिलं."

"वृंदा, यालाच भाषा म्हणतात," नंदू म्हणाला.

—

बाळासाहेब जिना धरून खाली आले, कानटोपी चढवली आणि दाराशी बुटांशी झगडत बसले. रुचानं फावडं भिंतीला टेकवलं, त्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि बुटांचे बंद बांधू लागली.

"तुझी आजी असती तर मुस्काटात मारली असती तुझ्या," बाळासाहेब म्हणाले.

"हो, आजोबा."

"घाबरलीस, ठीक आहे. माणूस घाबरतं. पण बापाला रडत फोन करायचा आणि मग कळवायचंही नाही की बाई मी बरी आहे? एका माणसाचा पाय गेला."

"गुडघा."

"उलट बोलू नकोस. काय म्हणालीस तू फोनवर?"

रुचा बंदाची गाठ मारत होती. तिनं ती सोडली आणि पुन्हा मारली.

"काय म्हणालीस?"

"ओबोएते नाई," ती जपानीत पुटपुटली. मग मराठीत, "आठवत नाही."

बाळासाहेबांनी तिच्या डोक्याकडे पाहिलं. त्यांना डिसेंबर आठवला. निशी-कसाईच्या घरात तिनं त्यांच्यासमोर सगळं सामान मांडलं होतं, लग्नात रुखवत मांडावं तसं. ही कुदळ, हा दोर, ही बर्फात खुपसायची काठी. आणि हे यंत्र, आजोबा. हे छातीवर. वर पोचलं की फोन बंद, मग यंत्र तपासायचं, मग उतरायचं. कितीही झालं तरी याच क्रमानं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं होतं. बँकेत तिजोरी उघडायचाही असाच क्रम असतो, म्हणून त्यांना ते आवडलं होतं. घरातलं दुसरं कुणी त्या वेळी खोलीत नव्हतं.

"फोन तर बंद असतो ना तुझा वर?" ते म्हणाले.

रुचा उठली नाही. छपरावरून बर्फाचा एक पट्टा घसरून मागच्या अंगणात पडला, धप्प.

"रुचा."

"आजोबा, तुम्ही वर जा ना. थंडी आहे."

"तू हो का म्हणालीस मग?"

"सगळे उभे होते," ती म्हणाली. "होरिउचि-सानना आणत होते. त्यांच्या मिसेस होत्या. मी काय सांगू? की माझे बाबा..." मराठी शब्द तिला सापडला नाही, की नको होता. "तिसरीत असताना मी कचरा चुकीच्या दिवशी टाकला होता. बाबा सगळ्या बिल्डिंगमध्ये लाडू घेऊन गेले. दर दाराशी वाकले, इतके. माझ्या वर्गातली मुलं बघत होती. मला तेव्हा... मला ते परत नको होतं."

"म्हणून तू वाकलीस."

"मला जमतं. मी इथलीच आहे."

बाळासाहेब बूट घालून तयार होते. पण ते बाहेर गेले नाहीत. त्यांनी तिनं बांधलेले बंद स्वतः सोडले. बराच वेळ लागला.

—

"देवदत्त," ते वर येऊन म्हणाले. अजून कानटोपीतच होते. "उत्तरकाशी आठवते?"

नंदूनं मान वर केली. "आता कशाला अप्पा ते?"

"तू गप्प बस. मी त्याला विचारतोय."

देवदत्त वीस वर्षांचा होता. गिर्यारोहणाच्या पहिल्या कोर्सचा सतरावा दिवस. बेस कॅम्पला तार पोचली: आई सीरियस, ताबडतोब निघ. चार दिवस, तीन बस, दोन गाड्या. या घराण्यात त्या प्रवासाबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे, जसं एखाद्या खोलीचं दार कायम ओढलेलं असतं.

"आई बरी होती," बाळासाहेब म्हणाले. "त्या दिवशी शिवणाच्या मशीनवर बसली होती. तार मीच केली. तिला सांगितलंही नव्हतं."

"मला माहीत आहे, अप्पा. दार तिनंच उघडलं."

"तू काही बोलला नाहीस."

"तुम्हीही नाही."

"तू परत डोंगरावर गेला नाहीस."

"नाही."

"मला वाटलं, जमलं," बाळासाहेब म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटत होतं, जमलं."

त्यांनी कानटोपी काढली. वृंदाला कळलं की सासऱ्यांना सगळं कळलंय. आणि नंदूभाऊजींना एकट्यालाच कळलेलं नाहीये, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"काय चाललंय? मला कुणी सांगेल का?"

"रुचाचा फोन आलाच नव्हता," वृंदा म्हणाली. "यानं पोलिसांना खोटं सांगितलं. मी तिथेच होते. मी गॅस बंद केला, शिट्टी होईल म्हणून, आणि याचं ऐकत उभी राहिले."

"तू अडवलं नाहीस?" नंदूनं विचारलं.

"नाही." तिनं हात रजईत घातले. "मला बरं वाटलं, भाऊजी. वाटलं, आता कुणीतरी जाऊन तिला खाली आणेल. एकदाचं आणेल."

नंदूनं डोक्याला हात लावला. मग उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. तीन पावलांची खोली ती.

"ठीक आहे. झालं ते झालं. पण आता गप्प बसायचं. देवू, ऐक. पोलिसांना खोटी खबर दिलीस, हे तोंडानं कबूल केलंस तर उद्या नोकरी आहे, व्हिसा आहे, सगळंच आहे. ती चोवीस वर्षांची आहे. लोक विसरतात. तिनं आपणहून अंगावर घेतलंय ना?"

"घेतलंय," देवदत्त म्हणाला.

"मग तिचा त्याग वाया कशाला घालवायचा?"

"दादा," देवदत्त म्हणाला, "तू हे बोललास ते मी आठवडाभर स्वतःला सांगतोय. हाच शब्द. त्याग." त्यानं कोरा कागद ओढला. "दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर घाण वाटतो."

—

मसुदा तीन

(ऑफिसात काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं असतं. प्रत्येक उत्तराला पुन्हा का. सहसा तिसऱ्या 'का'ला प्रक्रियेतील त्रुटी सापडते आणि सगळे घरी जातात.)

होरिउचि-सान का पडले? कारण ते वर गेले.
ते का गेले? कारण मी फोन केला.
मी तीनपर्यंत का थांबलो नाही? कारण ठिपका हलत नव्हता.
ठिपका हलत नव्हता म्हणून खोटं का बोललो? कारण खरं सांगितल्यावर ते म्हणाले, थांबू या.
मला का थांबता आलं नाही? कारण

(इथे पेन तसंच टेकवून ठेवल्याचा शाईचा डाग.)

—

सभागृहात चपलांची रांग होती, रॉकेलचा स्टोव्ह होता, त्यावर किटली होती. समितीचे सात जण लांब टेबलामागे. होरिउचि-सान टोकाला, प्लॅस्टरमधला पाय दुसऱ्या खुर्चीवर सरळ ठेवून. उन्हाळ्यात त्यांची सफरचंदाची बाग असते, हिवाळ्यात ते लिफ्टवर असतात. रुचाला इथली पहिली वाट त्यांनीच दाखवली होती.

रुचा मध्ये उभी राहिली. डाव्या हाताला बाबा, उजवीकडे आई. काका आणि आजोबा मागे. तिनं वाक्य तयार ठेवलं होतं. माझ्या बेजबाबदारपणामुळे. पंचेचाळीस अंशांत वाकायचं, मनात पाच मोजायचे, मग वर. तिला माहीत होतं की हे ती नीट करेल. तिला एवढंच हवं होतं की बाबांनी फार वाकू नये.

अध्यक्ष कोमात्सु-सान म्हणाले, "वडिलांनी काही लिहून आणलंय असं कळलं."

बाबांनी कागद काढला. त्यांनी जपानीत वाचायला सुरुवात केली. घटना. तारीख. नऊ जण. गुडघा. एक क्रियापद चुकलं, मग दुसरं. रुचानं डोळे मिटले. नेहमीचंच. सहन होईल.

"कारण," बाबांनी वाचलं आणि थांबले.

किटली उकळत होती.

"फोन आला नव्हता," ते म्हणाले. कागदावरून नाही. "माझ्या मुलीनं मला फोन केला नाही. रडली नाही. तिचा फोन बंद होता, जसा असायला हवा. मी पोलिसांना खोटं सांगितलं. चूक माझी आहे."

रुचानं डोळे उघडले. तिला वाटलं होतं, कधी हे झालंच तर सुटल्यासारखं वाटेल. वाटलं नाही. गावातल्या सात माणसांपुढे कुणीतरी आपल्या बापाचे कपडे उतरवतंय आणि तो स्वतःच उतरवतोय, असं वाटलं.

"सांगितलं का त्यानं?" मागून आजोबांनी मराठीत विचारलं, ऐकू कमी येतं म्हणून मोठ्यानं.

"सांगितलं, अप्पा," आई म्हणाली.

कोमात्सु-सान बाबांकडे पाहत नव्हते. रुचाकडे पाहत होते.

"पण पोलिसांना तुम्ही हो म्हणालात."

"हो."

"का?"

"माझे वडील आहेत."

"समजतं," कोमात्सु-सान म्हणाले, आणि खरंच समजल्यासारखे म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या तुम्ही गाइड व्हाल. तुमच्यासोबत माणसं असतील. त्यातल्या कुणाची चूक झाली आणि तुम्ही त्याची लाज राखायला वायरलेसवर वेगळंच सांगितलंत, तर आम्ही कुठल्या घळीत शोधायचं?"

घाबरण्याचा डाग पुसला गेला होता, आणि त्याच्या खाली हा होता. तिचा स्वतःचा.

"शिफारस या वर्षी देता येणार नाही," कोमात्सु-सान म्हणाले. "डोंगर तुम्हाला बंद करत नाही. मोसम संपेपर्यंत होरिउचि-सानची लिफ्टवरची पाळी तुम्ही करा. वडिलांनी पोलीस चौकीत जावं."

"आजच जातो," बाबा म्हणाले.

"मला एक विचारायचंय," होरिउचि-सान म्हणाले. ते पहिल्यांदाच बोलत होते. "तुम्ही दुसरा फोन केलात तेव्हा तीन वाजायला किती वेळ होता?"

बाबांनी हिशेब करायची गरज नव्हती. "तीन तास दहा मिनिटं."

"म्हणजे माझा गुडघा तीन तास दहा मिनिटांचा," होरिउचि-सान म्हणाले.

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत. बाबा वाकले. खूप वाकले, रुचाला नको होते त्याहून जास्त, आणि वर आलेच नाहीत. पाच झाले. दहा झाले. मग काय करावं ते न सुचून तीही त्यांच्या शेजारी वाकली, आणि तिला जमिनीवर फक्त दोन जोड दिसले, बाबांच्या पायांतल्या सभागृहाच्या हिरव्या सपाता, एक नंबर लहान, टाचा बाहेर आलेल्या, आणि तिच्या.

योकानचा डबा काकांच्या हातातच राहिला. तो केव्हा द्यायचा, ते कुणालाच कळलं नाही.

—

चौकीतून बाबा परत आले तेव्हा निवासाच्या अंगणात अजून उजेड होता. पोलिसांनी सगळं लिहून घेतलं होतं, सोमवारी पुन्हा बोलावलं होतं. नंदूकाका वर फोनवर वकील शोधत होते. आई सामान बांधत होती, किंवा बांधल्यासारखं करत होती.

रुचा फावड्यानं पायऱ्या साफ करत होती. सकाळीच साफ केल्या होत्या.

"रुचा."

"तुम्ही मला विचारलं नाहीत," ती म्हणाली. वळली नाही. "फोन केलात तेव्हाही नाही. आणि आज खरं सांगितलंत, तेव्हाही नाही."

"मला वाटलं..."

"माझं युरोप गेलं, बाबा. तुमच्या खोट्यानं अर्धं गेलं आणि तुमच्या खऱ्यानं उरलेलं."

देवदत्त उभा राहिला. त्याला म्हणता आलं असतं की तूही खोटं बोललीस. ते खरं होतं. तो म्हणाला नाही.

"ती तिसरी घळ उतरलीस," त्यानं विचारलं, "कशी झाली?"

फावडं थांबलं. आठवड्याभरात हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"चांगली," ती म्हणाली. "खूप चांगली. वर एक कडा आहे, तिथून उडी मारावी लागते, खाली दिसत नाही. मला दिसत होतं. म्हणजे, माहीत होतं." ती थांबली. "मग खाली आले आणि स्ट्रेचर."

त्यानं खिशातून फोन काढला. ठिपका अंगणात होता, त्याच्यापासून दोन मीटरवर. त्यानं काही न म्हणता तो तिच्यापुढे धरला.

"मी बंद केला तर तुम्ही म्हणाल मुलीनं बंद केला," रुचा म्हणाली. "तुम्ही करा."

बटण सापडायला त्याला वेळ लागला. सगळं जपानीत होतं आणि अक्षरं बारीक होती. फोननं विचारलं, नक्की? मग पुन्हा विचारलं, नक्की? अंगण, निवास, धार, सगळं नकाशावर राहिलं. ठिपका गेला.

रुचानं जॅकेटच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. बुधवारी तिला सुट्टी होती. नोंदीचा नवा कागद, खालची प्रत. वाट: उत्तरेची धार, दुसरी घळ. परतण्याची वेळ, उशिरात उशिरा: दुपारी ३. तातडीच्या वेळी संपर्क, याच्यापुढे काही लिहून खोडलं होतं, आणि खोडलेल्याच्या वर पुन्हा तेच लिहिलं होतं. वडील.

"तीनच्या आधी नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मीटिंग असली तरी कागद जवळ ठेवायचा."

"ठेवीन." त्यानं कागद घडी करून छातीच्या खिशात ठेवला, जिथे दुपारपर्यंत तो मसुदा होता. मग त्याला विचारल्यावाचून राहवलं नाही. "आणि तीन वाजून गेले तर?"

रुचानं धारेकडे पाहिलं. ऊन फक्त वरच्या टोकाला उरलं होतं.

"तर करा फोन," ती म्हणाली. "पण जेवढं माहीत आहे तेवढंच सांगा."